चेहऱ्याला साधं पाणीही झोंबतं, तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३४, सांगलीजवळच्या शाळेत शिक्षिका, रोज स्कूटरवरून जाणं-येणं. दोन वर्षांपूर्वी गालांवर वांग उठले. पार्लरमधून एक क्रीम सुचवलं गेलं, मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळालं आणि महिन्याभरात चेहरा उजळला. पुढे एक दिवस क्रीम चुकलं तरी चेहरा लाल व्हायला लागला, आग व्हायला लागली. मग जेल फेसवॉश, व्हिटॅमिन सी सीरम, कोरफडीचा गर, बेसन-लिंबू असं सगळं करून झालं. "आता नुसतं पाणी मारलं तरी चुरचुरतं. माझी त्वचा जात्याच नाजूक आहे का? आणि कोणता फेसवॉश वापरू?"

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते सोपं आहे. सध्या कोणताच वापरू नका; फक्त संध्याकाळी चालेल अशा एका सौम्य क्लेन्झरबद्दल पुढे सांगते. पहिल्याचं उत्तर लांब आहे.

तुम्ही 'चुरचुरतं' लिहिलंत, 'खाजतं' नाही, हे फार बरं केलंत. गेली सव्वीस वर्षं मी त्वचेचे रुग्ण बघते आहे, आणि निम्मं निदान पेशंट कुठलं क्रियापद वापरतो त्यावरून होतं असं मी गमतीने म्हणते. आपल्या भाषेत यासाठी शब्दांची चंगळ आहे. लावल्या लावल्या, मिनिटाभरात झोंबलं किंवा चुरचुरलं, तर बहुधा त्वचेचं वरचं आवरण फाटलेलं आहे आणि लावलेली वस्तू थेट आत उतरते आहे. आज लावलं आणि उद्या-परवा खाज सुटली, पुरळ आलं, सूज आली, तर ती ॲलर्जी असण्याचा संभव जास्त. धुतल्यावर कातडं ओढल्यासारखं वाटतं, ती कोरड. आणि चुलीपुढे, उन्हात, तिखट खाल्ल्यावर भपकन गरम होऊन चेहरा तापतो, तेव्हा मी रोझेशियाचा विचार करते. आपल्या सावळ्या कातडीवर लाली उठून दिसत नाही, म्हणून हा आजार गोऱ्या लोकांचाच असा समज झाला आहे आणि तो आपल्याकडे सर्रास निसटतो. दिसायला काहीच नसतं. बाई म्हणते आग होते, आणि घरचे म्हणतात तुझ्या मनाचे खेळ.

मनाचे खेळ नाहीत. खाजेवर काम करणाऱ्या संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०१७ साली संवेदनशील त्वचेची जी व्याख्या केली, तिच्यात हेच म्हटलं आहे: ज्या गोष्टींनी एरवी काही व्हायला नको त्यांनी आग, टोचणी, दुखणं, खाज, मुंग्या अशा संवेदना होणं, आणि त्वचा वरून अगदी साधी दिसू शकते. त्याच व्याख्येतली दुसरी अट महत्त्वाची आहे. या संवेदनांचं कारण एखाद्या त्वचारोगाच्या चट्ट्यांनी लागत असेल तर ती 'संवेदनशील त्वचा' नव्हे, तो आजार. थोडक्यात, हा शिक्का सगळ्यात शेवटी मारायचा असतो. बाजारात तो सगळ्यात आधी मारतात.

आता आत काय होतं ते सांगते. कौलारू घर डोळ्यांपुढे आणा. त्वचेचा सगळ्यात वरचा थर म्हणजे मेलेल्या पेशींची कौलं, एकावर एक पंधरा-वीस. सगळी मिळून जाडी मिलिमीटरचा एक-दोन शतांश. या कौलांच्या फटींत स्निग्ध लिंपण असतं: सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं. या लिंपणामुळे आतलं पाणी आत राहतं आणि बाहेरचं काही आत शिरत नाही. हे लिंपण तयार व्हायला त्वचा किंचित आम्लधर्मी लागते, पीएच साधारण पाच (हा आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त). अंघोळीच्या साबणाचा पीएच नऊ-दहाच्या घरात असतो. धडधाकट त्वचा साबणानंतर काही तासांत स्वतःला सावरते. दिवसातून चार वेळा चेहरा धुणाऱ्या बाईच्या त्वचेला ते काही तास मिळतच नाहीत.

कौलांच्या लगेच खाली मज्जातंतूंची टोकं असतात. त्यांच्यावर टीआरपीव्ही१ नावाचा एक ग्राहक, म्हणजे संवेदना टिपणारं प्रथिन असतं, जो साधारण ४३ अंशांच्या वरच्या उष्णतेने जागा होतो. मिरचीतल्या कॅप्सेसिननेही तोच जागा होतो. ठेचा कुटून तोच हात डोळ्याला लावला की 'भाजलं' असं का वाटतं, याचं उत्तर या एका ग्राहकात आहे. तो शोधून काढणारे डेव्हिड ज्युलियस २०२१ च्या वैद्यकाच्या नोबेलचे एक मानकरी. आपल्या कामाची गोष्ट पुढची आहे: त्वचेला दाह असेल किंवा तिथे आम्ल पोचलं असेल, तर या ग्राहकाचा उंबरठा खाली येतो. मग कोमट पाणीही कढत वाटतं. तुमच्या चेहऱ्याला पाणी चुरचुरतं ते पाण्याच्या दोषाने नव्हे. कौलं सरकली आहेत आणि खालचा पहारेकरी घाबरून प्रत्येकावर भुंकतो आहे.

कौलं सरकली कशाने? माझा संशय त्या पहिल्या क्रीमवर आहे.

आत्ता उठा आणि ती ट्यूब किंवा तिचं खोकं शोधा. बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात. त्यात बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही आहे का बघा. हे स्टिरॉइड आहेत. बरोबर हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन ही नावंही असतील, तर ते वांगावरचं तिहेरी मिश्रण. या मिश्रणाचं मूळ अल्बर्ट क्लिगमन या अमेरिकन त्वचातज्ज्ञाने १९७५ साली मांडलेल्या सूत्रात आहे. योग्य माणसाला, मोजून काही आठवडे, डॉक्टरच्या नजरेखाली दिलं तर ते चांगलं औषध आहे. मी स्वतः लिहून देते. अडचण अशी की ट्रेटिनॉइन त्वचा खरवडतं, आणि स्टिरॉइड ती खरवड जाणवू देत नाही. महिनोन् महिने हे चालू राहिलं की खाली नुकसान साठत जातं आणि वर चेहरा तुकतुकीत दिसतो. स्टिरॉइडने स्वतः त्वचा पातळ होते, लिंपण कमी बनतं, रक्तवाहिन्या रुंदावतात. मग एक दिवस क्रीम चुकतं आणि सगळी थकबाकी एकदम समोर येते. बाई घाबरून पुन्हा क्रीम लावते, दोन तासांत बरं वाटतं, आणि तिची खात्री पटते की आपल्याला याच क्रीमची गरज आहे.

हे इतकं घडतं की भारतीय त्वचातज्ज्ञांनी त्याला स्वतंत्र नाव दिलं आहे: स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत देशभरातल्या बारा केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २,९२६ रुग्ण तपासले होते. त्यांतले ४३३ जण चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते. २०१८ साली सरकारने अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत टाकली. ती तरीही कशी मिळतात, ते तुम्हीच तुमच्या प्रश्नात लिहिलं आहे.

ट्यूबवर ही नावं निघाली तर उद्यापासून एकट्याने धाडकन बंद करून बसू नका. बंद तर करायचंच आहे, पण त्यानंतर दोन-चार दिवसांत, फार तर आठवड्याभरात, चेहरा उसळतो: लाली, सूज, फोड, रात्रीची झोप उडवणारी आग. हा काळ काही आठवडे, वापर जुना असेल तर काही महिनेही चालतो. त्यात हात धरायला त्वचारोगतज्ज्ञ हवा. तो गरजेप्रमाणे सौम्य स्टिरॉइडवर उतरवत आणेल, स्टिरॉइड नसलेलं दाहशामक मलम देईल, काहींना पोटातून गोळ्याही लागतात. ही उसळी येणार हे आधीच माहीत असलं की माणूस टिकून राहतो. माहीत नसलं की तिसऱ्या दिवशी पुन्हा मेडिकलच्या दारात.

स्टिरॉइड नाही निघालं तरी पुढचं सगळं तुम्हाला लागू आहे.

सहा आठवडे चेहऱ्याची शाकारणी करायची. शाकारणी चालू असताना छपरावर कुणी नाचत नाही, तसं चेहऱ्यावर काहीही नवं चढवायचं नाही. सीरम, स्क्रब, टोनर, ब्लीच, फेशियल, थ्रेडिंगनंतरचं जेल, सगळं कपाटात. सकाळी फक्त गार पाण्याचे हबके, घासणं नाही. संध्याकाळी धूळ-घाम घालवायला साबण नसलेला सौम्य क्लेन्झर, ज्याला सिंडेट म्हणतात आणि ज्याचा पीएच साडेपाचच्या आसपास असतो; तोही पहिले पंधरा दिवस झोंबत असेल तर नको. बोअरचं जड पाणी असेल तर साबण आणखीच वाईट, कारण पाण्यातलं कॅल्शियम साबणाशी मिळून जो चिकट थर बादलीला बसतो तोच चेहऱ्यालाही बसतो. टॉवेलने टिपायचं. आणि ओलसरपणा आहे तोवर, दोन-तीन मिनिटांत, मॉइश्चरायझर.

कोणतं? ग्लिसरीन, पेट्रोलॅटम, डायमेथिकोन, सेरामाइड यांतलं काही आणि सुगंध अजिबात नाही, एवढं बघा. किंमत बघू नका. काहीच सोसत नसेल तर साधी पांढरी पेट्रोलियम जेली रात्री अगदी पातळ लावा. पाणी उडू न देण्यात तिच्या तोडीचं फार थोडं आहे. मात्र एप्रिल-मेमध्ये तिने घामोळं येऊ शकतं, तेव्हा हलकं लोशन. युरिया किंवा लॅक्टिक ॲसिड असलेली क्रीमं भेगाळलेल्या टाचांना उत्तम, या चेहऱ्याला नकोत. लॅक्टिक ॲसिडचं तर असं आहे की नाकाशेजारच्या घडीत ते लावून किती झोंबतं ते बघणं हीच संवेदनशील त्वचेची जुनी चाचणी आहे. ती १९७७ साली मांडणाऱ्या दोघांतले एक तेच क्लिगमन.

सुगंधाबद्दल एक सावधगिरी. 'वास नाही' आणि 'सुगंधी द्रव्य घातलेलं नाही' हे दोन वेगळे दावे आहेत. मूळ वास लपवायलाही सुगंधी द्रव्य घालतात. 'हायपोअलर्जेनिक', म्हणजे ॲलर्जीची शक्यता कमी, या शब्दावर तर मुळीच भाळू नका. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९७५ साली त्याला कसोटी लावायचा प्रयत्न केला, आणि १९७७ साली न्यायालयाने तो नियमच रद्द केला. तेव्हापासून तिथे त्याचा अर्थ कंपनी सांगेल तो.

आता स्वयंपाकघर. इथे माझ्या सासूबाईंपासून सगळ्यांशी माझं भांडण आहे. लिंबाचा पीएच दोन-अडीच असतो. फाटलेल्या कातडीवर तो पिळणं म्हणजे जखमेवर आम्ल ओतणं, आणि लिंबू लावून उन्हात गेलात तर भाजल्यासारखे काळे ओघळ उठू शकतात. बेसन आणि मुलतानी माती तेल शोषून घेतात, म्हणजे जे लिंपण वाचलं आहे तेही नेतात, आणि सुकल्यावर चोळून काढताना कौलंही. ताज्या कोरफडीच्या गराबरोबर सालीखालचा पिवळा चीक आला तर तोही दाह करतो. उटण्याशी माझं वैर नाही: नरकचतुर्दशीला अंगाला जरूर लावा, चेहरा सोडा. खोबरेल हातापायांना चांगलं. पण भुवया, नाकाच्या कडा, केसांची रेषा इथे कोंड्यासारखे पापुद्रे असतील तर चेहऱ्याला तेल नको. कोंड्याशी संबंधित मॅलासेझिया नावाची बुरशी मेदाम्लांवरच पोसते.

तुमच्या स्कूटरचाही या प्रकरणात वाटा असेल. तोंडाला घट्ट गुंडाळलेला स्कार्फ, आत घाम, त्यात नीट न खंगाळलेली धुण्याची पावडर, आणि खड्ड्यागणिक घर्षण. मऊ सुती कापड घ्या, एक पाणी जास्त घालून खंगाळा, कपड्यांना सुगंध देणारं कंडिशनर त्या कापडापुरतं बंद. हेल्मेटचा हनुवटीचा पट्टा जिथे घासतो तिथेच पुरळ असेल तर उत्तर तिथेच आहे.

सहा आठवड्यांत बहुतेकींची आग निम्म्याहून उतरते, असा माझा अनुभव. उतरली नाही, किंवा मधेच खाज, सूज, पाणी सुटणं असं सुरू झालं, तर ॲलर्जीचा शोध घ्यावा लागतो, आणि तो शोध पोलिसी कामासारखा असतो. पापण्या सुजतात म्हणून डोळ्यांची सगळी प्रसाधनं बदललेल्या बाया मी पाहिल्या आहेत. गुन्हेगार निघतो नेलपॉलिश. नखांना काही होत नाही, नख जिथे जिथे लागतं त्या पातळ पापणीला आणि मानेला होतं. केसांच्या काळ्या रंगातलं, आणि 'काळी मेहंदी' म्हणून मिळणाऱ्या पुडीतलंही, पीपीडी नावाचं रसायन कपाळ-कान-पापण्या धरतं. गावाकडच्या शाळेत असाल तर आवाराच्या कडेला गाजरगवत आहे का बघा. १९५० च्या दशकात पुण्यात नोंदलं गेलेलं हे तण आता सगळीकडे आहे. त्याचे सूक्ष्म कण हवेतून येतात आणि पापण्या, मानेच्या घड्या, कोपराचे आतले भाग धरतात.

यासाठी पॅच टेस्ट असते. पाठीवर छोट्या चकत्यांतून संशयित पदार्थ लावतात, दोन दिवसांनी काढून बघतात, चौथ्या दिवशी पुन्हा बघतात. तोवर पाठ भिजवायची नाही, म्हणून घामाच्या दिवसांत करू नये. रक्त तपासून 'कशाकशाची ॲलर्जी' सांगणारी लांबलचक यादी या कामाला उपयोगाची नाही. त्यावर पैसे घालवू नका.

टिकलीचं वेगळं सांगते, कारण आपल्याकडे ते फार दिसतं. टिकलीच्या मागच्या डिंकात पीटीबीपी नावाचं रसायन असू शकतं आणि ते रंगपेशींनाच मारतं. आधी तिथे खाज येते, मग बरोबर टिकलीच्या आकाराचा पांढरा डाग. खाज आली त्याच दिवशी टिकली थांबवा. कुंकवातल्या रंगांनीही ॲलर्जी होते. जुन्या बायका आधी मेण लावून त्यावर कुंकू रेखायच्या. कोरडं कुंकू टिकावं म्हणून ते होतं, पण मेणामुळे रंग कातडीला थेट लागतही नसणार. असो.

आग थांबली की वांगाकडे परत येऊ, कारण मुळात तुम्ही त्यासाठीच निघाला होतात. सावळ्या त्वचेत प्रत्येक दाह मागे काळा डाग ठेवून जातो. डाग घालवायला झोंबणारं काही लावलं की नवा दाह, नवा डाग. म्हणून वांगावरचं पहिलं औषध दाह थांबवणं हेच आहे, आणि दुसरं प्रकाश अडवणं. छत्री, टोपी, आणि झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचं सनस्क्रीन; ऊन अडवणारी इतर रासायनिक द्रव्यं या काळात झोंबतात. चेहऱ्यावर थोडी पांढरी झाक येईल, शाळेतली पोरं हसली तर हसू द्या. वांगाला दिसणारा प्रकाशही काळवंडवतो, तेव्हा आयर्न ऑक्साइड घातलेलं त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन मिळालं तर जास्त चांगलं, झाकही दिसत नाही. प्रमाण असं मोजा: तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे अर्धा ग्रॅम. चेहरा आणि मानेला अशा अडीच रेघा लागतात. बहुतेक बाया याच्या निम्मंच लावतात आणि सनस्क्रीनला नावं ठेवतात.

नवीन वस्तू एका वेळी एकच. आधी कोपराच्या आतल्या बाजूला सकाळ-संध्याकाळ आठवडाभर, मग जबड्याच्या कडेला तीन-चार दिवस, मग चेहरा. दोन वस्तूंमध्ये पंधरा दिवसांचं अंतर. व्हिटॅमिन सी सीरम मात्र अगदी शेवटी. त्याचा नेहमीचा प्रकार त्वचेत उतरण्यासाठी पीएच साडेतीनच्या खालीच ठेवावा लागतो, म्हणजे तो झोंबणं हा दोष नव्हे, त्याची रचनाच तशी आहे. कधीच नाही लावलं तरी तुमचं काही अडणार नाही.

काही गोष्टींत सहा आठवडे थांबायचं नाही. डोळे सुजून मिटले, चेहऱ्यावरून पाणी किंवा पू वाहू लागला, ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर. उन्हाने चेहऱ्यावर पुरळ येतं आणि सोबत सांधे दुखतात, केस गळतात, तोंडात व्रण येतात, तर रक्ताच्या तपासण्या हव्यात. तो त्वचेपुरता मामला नसतो. आणि स्टिरॉइडखाली नायटा दडलेला असू शकतो: त्याची गोल कड पुसली जाते, म्हणून ओळखू येत नाही, आणि मलम थांबवल्यावर तो पसरतो.

डॉक्टरकडे जाल तेव्हा त्या दिवशी चेहऱ्याला काही लावू नका, पावडरसुद्धा नको. घरातल्या सगळ्या ट्यूब, डब्या, सॅशे एका पिशवीत भरून न्या. संपलेल्या ट्यूबचं रिकामं खोकं तर आवर्जून. पार्लरमध्ये बिनलेबलच्या डबीतून काही लावलं असेल तर तेही सांगा, संकोच करू नका. मोबाइलमध्ये दोन वर्षांपूर्वीचा, क्रीम सुरू करायच्या आधीचा एखादा फोटो असेल तर शोधून ठेवा.